झाडाला पंप नसतो

आई,

अजून तुमचा तेरावाही झालेला नाही आणि माझी दोन भांडणं होऊन गेली. पहिलं आपल्याच हॉलमध्ये. भेटायला आलेल्या एका बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "सुटल्या बिचाऱ्या." मी हात सोडवून घेतला. म्हटलं, "बिचाऱ्या नव्हत्या त्या. आणि सुटल्या नाहीत, त्यांनी ठरवलं." दुसरं भांडण तुमच्या नणंदेशी, फोनवर. ते पुढे सांगते. तुम्ही असतात तर आतून म्हणाला असतात, "वैशाली, आवाज खाली." तुम्ही नाही, म्हणून मी आवाज खाली घेणार नाही.

सांगलीच्या वर्तमानपत्रात काय छापायचं ते निखिलने पाठवलं. वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, मनमिळाऊ, सोशिक. तुमच्या मुलाने लिहिलंय म्हणून मी काही बोलले नाही, पण सोशिक हा शब्द मी खोडला असता. तुम्ही काहीच मुकाट्याने सोसलं नाहीत. माझी सून म्हणून दहा जणांत ओळख करून देताना तुम्ही "ही वैशाली, हिला माझं पटत नाही" असं सांगायचात, आणि त्यात तक्रार नसायची, अभिमानच असायचा. मला ते कळायला बराच काळ लागला.

तुम्ही सिंगापुरात आमच्याकडे सेंगकांगला राहायला आलात तेव्हा तुमच्या किडन्यांनी जवळजवळ काम थांबवलं होतं. एक दिवसाआड डायलिसिस. सेंटर तोआ पायोहला, माझं ऑफिसही तोआ पायोहला, त्यामुळे तुम्हाला नेणं-आणणं माझ्याकडे आलं. निखिल पार चांगी बिझनेस पार्कला. त्याच्याकडे आलं ते मोजणं. दिवसभरात तुम्ही किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. तो सकाळी ऑफिसला निघण्याआधी रेघांच्या भांड्याने तेवढंच पाणी मोजून बाटलीत भरून ठेवायचा. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातूनच वजा. तो हे प्रेमाने करायचा, आणि तुम्ही ती बाटली एखाद्या अपमानासारखी उचलायचात. एकदा म्हणालात, "कृष्णाकाठी जन्म गेला माझा. पुराचं पाणी घरात आलेलं पाहिलंय. आणि आता ही बाटली."

तहान म्हणजे काय ते मला तुमच्यामुळे कळलं. दुपार झाली की तुमची जीभ टाळूला चिकटायची आणि बोलताना शब्दाशब्दांच्या मध्ये बारीक टक् असा आवाज यायचा. तुम्ही चूळ भरून थुंकायचात. बर्फाचा एक खडा गालात धरून तासभर पुरवायचात. आणि अशी बाई कॉरिडॉरमध्ये झाड लावते तर कोणतं, तर अळू. बाजारातून भाजीला आणलेल्या अळकुड्यांना मोड आले होते, ते तुम्ही कुंड्यांत पुरलेत. पाण्यासाठी आ वासून बसलेलं झाड. त्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून तुम्हाला खायलाही वर्ज्य.

"खायचं नाही म्हणून लावायचं नाही, असं कोण म्हणतं?" तुम्ही मला विचारलंत, आणि झारीने कुंडी भरभरून पाणी घातलंत.

आपला खरा वाद सुरू झाला तो तुमच्या नातीच्या, रेवाच्या अभ्यासावरून. ती पाचवीत होती, शाळेत झाडांमधून पाणी आणि क्षार कसे वाहतात तो धडा चालू होता. तुम्ही मला लिटिल इंडियातून निशिगंधाचे दांडे आणायला लावलेत आणि निळ्या शाईच्या पाण्यात उभे केलेत. संध्याकाळी पांढऱ्या पाकळ्यांवर निळ्या रेषा उमटल्या. रेवाने विचारलं, "आजी, हू इज पुशिंग इट अप?"

"कुणी नाही. वरून ओढलं जातं."

मी ओट्यापाशी होते, तिथून म्हणाले, "असं कसं? ढकलल्याशिवाय पाणी वर जात नाही. आपल्या बाराव्या मजल्यावर येतं ते पंपामुळे."

"झाडाला पंप नसतो," तुम्ही म्हणालात. "आणि काही झाडं तुझ्या या बिल्डिंगपेक्षा उंच असतात."

मग तुम्ही शिकवायला लागलात, आणि तुम्ही शिकवत असताना पोळी करपली तरी मला हलता यायचं नाही. पानांना बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी वाफ होऊन जातं. गेलेल्या कणाच्या जागी मागचा येतो, त्याच्यामागे त्याच्या मागचा. पाण्याचे कण एकमेकांना सोडत नाहीत, म्हणून वरची ओढ थेट मुळापर्यंत पोचते. आणि त्या पाण्याबरोबर मातीतले क्षार येतात, पण सगळे नाहीत. मुळाच्या आत एक थर असतो, तिथे एकेकाची तपासणी होते. "तुमच्या सिंगापूरसारखं," तुम्ही म्हणालात, "पास दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत." तुमचा लाँग टर्म व्हिजिट पास नुकताच पुन्हा वाढवून आणला होता आणि त्याचा राग अजून गेला नव्हता.

शेवटी म्हणालात की ज्या नळ्यांतून हे पाणी चढतं, त्या मेलेल्या पेशींच्या असतात. मेल्याशिवाय त्या पोकळ होत नाहीत आणि पोकळ झाल्याशिवाय पाण्याला वाट मिळत नाही. मी म्हणाले, "किती सुंदर आहे हे." तुम्ही एकदम चिडलात. "सुंदर काही नाही. याचं सुभाषित करू नकोस. रचना आहे ती." बरं, आई. नाही करत. भेटायला येणाऱ्यांपैकी कुणी करायला लागलं, तर त्यालाही करू देणार नाही.

शाळेत ठरावीक शब्द लिहिले तरच गुण मिळायचे. रेवाने "पान ओढून घेतं" असं लिहिलं आणि तिचं उत्तर चुकलं. ती रडवेली होऊन इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, लाइक धॅट कॅनॉट, ला. मस्ट राइट द कीवर्ड." मला वाटलं तुम्ही आता शाळेत जाऊन उभ्या राहाल. तुम्ही फक्त म्हणालात, "दोन्ही लिही. आधी त्यांना हवं ते, गुणांसाठी. त्याखाली खरं, आपल्यासाठी." ती अजून तसंच लिहिते. तिच्या बाईंनी आता त्यावर काट मारणं सोडून दिलंय.

एका सकाळी मी दार उघडलं तर अळूच्या प्रत्येक पानाच्या टोकाला टपोरा थेंब लटकलेला. पाऊस नव्हता, आणि कॉरिडॉरला छप्पर आहे. मी तुम्हाला हाक मारली आणि विचारलं, दव का?

"दव पानभर पडतं. हे नुसतं टोकाला आहे, बघ. हे आतून आलंय. इथली हवा रात्रभर इतकी दमट की पानातून वाफ जात नाही. मुळं मात्र पाणी घेतच राहतात. मग ती ढकलतात ते असं बाहेर येतं."

"ढकलतात," मी म्हणाले. "तुम्ही म्हणालात हं, मी नाही."

तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत. वर्गात कुणीतरी बरोबर पकडल्यावर मास्तरांचा होतो तसा चेहरा. "अळू बुटकं आहे म्हणून जमतं. उंच झाडाला एवढ्या ढकलण्याने काही होत नाही." त्यानंतर हा वाद आपण एमआरटीच्या गाडीत, लिफ्टमध्ये, डायलिसिसच्या खुर्चीपाशी, कुठे कुठे घातला. तुमच्या अंगातलं रक्त बाहेर जाऊन मशीनमधून परत येत असायचं आणि तुम्ही मला पावसाळी जंगलांतल्या झाडांच्या उंचीबद्दल सांगत असायचात. पलीकडच्या खुर्चीवरचे चिनी आजोबा झोप सोडून ऐकायचे. त्यांना एक अक्षर कळत नसणार.

मग डेंग्यूचे दिवस आले. डासांची पैदास शोधत तपासणीस मजल्यामजल्यावर फिरायला लागले. त्यातून शेजारच्या लिम आंटींनी तक्रार केली होती की तुमच्या पानांतून पाणी ठिबकतं आणि कॉरिडॉरची फरशी ओली राहते. टॉर्च घेतलेला एक तरुण आला. कुंड्यांखालच्या ताटल्यांत तुम्ही आधीच वाळू भरून ठेवली होती, तिथे त्याला काही सापडलं नाही. मग त्याने पानाच्या टोकाकडे बोट दाखवलं. "वॉटर, आंटी."

तुम्ही त्याला तुमच्या वर्गातल्या इंग्रजीत अख्खा धडा शिकवलात. मुळं, दाब, दमट हवा. रुमाल देऊन थेंब पुसायला लावलात आणि उद्या सकाळी येऊन पाहा, पुन्हा असेल, म्हणालात. तो बिचारा हसून म्हणाला, "आंटी, आय बिलीव्ह यू. बट फ्लोअर मस्ट बी ड्राय, कॅन?" तुम्ही मान डोलावलीत. दाराशी उभ्या राहून हे सगळं ऐकणाऱ्या लिम आंटी तेव्हा पहिल्यांदा तुमच्याशी बोलल्या. "धिस वन याम लीफ, ला. लास्ट टाइम माय मदर कुक फॉर द पिग."

रेवाने भाषांतर केलं, की ही पानं पूर्वी त्यांची आई डुकरांना शिजवून घालायची. तिला वाटलं आता महायुद्ध होणार. तुम्ही इतक्या हसलात की भिंतीला टेकलात. आणि पुढच्या रविवारी अळूवड्यांची ताटली घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिलात. ताटली परत आली ती संत्र्यांनी भरून. संत्रीही तुम्हाला चालत नव्हती. तुम्ही एक सोललंत, नाकाशी धरलंत, आणि रेवाला दिलंत.

आहाराच्या बाईंनी सांगितलं होतं की भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची, पाणी फेकायचं, म्हणजे पोटॅशियम निघून जातं. तुम्ही एकदा अळूचं तसं करून पाहिलंत. "झाडाने एवढ्या कष्टाने वर चढवलं ते मी मोरीत ओततेय." एक घास खाल्लात आणि वाटी सरकवलीत. "चोथा आहे हा. यापेक्षा उपास बरा."

हे सगळं मी लिहितेय कारण लोकांना तुमचे शेवटचे दिवसच माहीत आहेत, आणि तेही ऐकीव.

पुढे तुमच्या हातातली ती शीर, जिथे सुया टोचायचे, बंद पडली. दुसऱ्या हातात ऑपरेशन करून तशी तयार केली, तीही टिकली नाही. मग मानेपाशी नळी घातली, तिच्यात जंतुसंसर्ग झाला. हॉस्पिटल, घर, पुन्हा हॉस्पिटल. हृदय थकलं होतं. मशीनवर असताना तुमचं ब्लड प्रेशर कोसळायचं आणि नर्स धावत यायच्या. एकदा डॉक्टरबाई निखिलला समजावून सांगत होत्या की पुढची नळी मांडीतून घालून बघता येईल. तुम्ही मध्येच म्हणालात की पेशंट याच खोलीत आहे. डॉक्टरबाईंनी माफी मागून खुर्ची तुमच्याकडे वळवली. निखिल मात्र म्हणाला, "आई, एक मिनिट." आणि तुम्ही गप्प बसलात. तुम्हाला गप्प बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्यानंतर एकदा डायलिसिसहून परत येताना तुम्ही म्हणालात, जरा बसू या. तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या मधोमध, आपण पंख्याखालचं टेबल धरलं. मी कॉफी घेतली, तुम्ही काहीच नाही. आजूबाजूला सगळे रसाचे, सरबताचे ग्लास घेऊन बसले होते.

"वैशाली, मी हे थांबवणार आहे."

मला कळलं होतं, तरी मी विचारलं, "काय?"

"मशीन. तू औषधं आणायला गेलीस तेव्हा डॉक्टरांशी बोलले मी. त्या म्हणाल्या, हा निर्णय तुमचा. त्रास होणार नाही हे आम्ही बघू."

"आणि मला काय वाटतं ते विचारणार नाही?"

"नाही. विचारलं तर तू नको म्हणशील, आणि मग मला तुझं ऐकलं नाही असं होईल. मी नुसतं सांगतेय." मग म्हणालात, "निखिलला तू सांग."

इथे, आई, माझं तुमच्याशी भांडण आहे. मी नाही म्हणाले. तो तुमचा मुलगा आहे, म्हणाले. तुम्ही टेबलावर हात पालथा ठेवलात, ज्याच्यावर सुयांच्या गाठी होत्या, आणि म्हणालात, "मी सांगितलं तर तो रडेल. तो रडला तर मी ठरवलेलं मोडेन. तेवढं बळ नाही माझ्यात. आणि मी स्वतः का सांगितलं नाही, हे त्याला कळता कामा नये. शब्द दे."

बळ नाही, हे तुमच्या तोंडून मी एकदाच ऐकलं. म्हणून शब्द दिला.

मी सांगितल्यावर निखिलने मला विचारलं, "तू तिला हो म्हणालीस?"

"त्यांनी मला विचारलंच नाही."

"मग थांबवलं का नाहीस?"

"कारण तहान त्यांना लागते, निखिल. तुला-मला नाही लागत."

त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलायला लागला. दोन दिवस तुमच्या खोलीतही गेला नाही. मग गेला. दार उघडं होतं, मला ऐकू आलं. "आई, मी कुठे कमी पडलो का?" तुम्ही म्हणालात, "कमी? अरे, तू तर मला पुरून उरलास." तो हसला. रडला नाही. तुम्ही त्याला हसवलंत, कारण तुम्हाला रडू द्यायचं नव्हतं. मी बाहेर कपड्यांच्या घड्या करत होते आणि मला तुमचा राग आला. तुमच्यासाठी वाईटही वाटलं, पण राग आधी आला.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातून लवकर आला, हातात शहाळं घेऊन. शहाळं म्हणजे पोटॅशियमची खाण. त्याचं नाव काढणंही घरात बंद होतं. घरी येणाऱ्या नर्सने सांगितलं होतं की आता त्यांना हवं ते द्या, घोटाघोटाने. त्याने तुम्हाला उशीला टेकवून बसवलं आणि नळी ओठांशी धरली. तुम्ही दोन घोट घेतलेत आणि डोळे मिटलेत.

"निखिल, हे झाड शेंड्यापर्यंत पाणी नेतं. पंप नाही."

"हो आई. लहानपणापासून ऐकतोय."

मी दारातून म्हणाले, "थोडं तरी ढकलावं लागतंच." तुम्ही डोळे न उघडता एक बोट हलवून नाही म्हणालात.

पुढचे दिवस तुम्ही झोपत गेलात. लिम आंटी रोज सकाळी येऊन बसायच्या. तुमच्यात भाषा नव्हती, पण त्या तुमच्या पायांना तेल लावायच्या आणि आपल्या भाषेत काहीतरी सांगत राहायच्या. एका दुपारी, रेवा शाळेतून यायच्या आधी, तुम्ही गेलात. मंडाईला नेलं. इथल्या विद्युतदाहिनीच्या जागेचं नाव पहिल्यांदा ऐकलंत तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "म्हणजे शेवटी मंडईतच. भाजी राहिली असेल तर घेता येईल." गाडीत मला ते आठवलं आणि हसू फुटलं. निखिल खिडकीबाहेर बघत होता.

आता तुमच्या नणंदेचं. त्या फोनवर म्हणाल्या, "वहिनीचं मशीन बंद केलंत म्हणे तुम्ही. परक्या देशात नेऊन तिचं पाणी तोडलंत." मी म्हणाले, "आत्या, पाणी तोडलं होतं ते आजाराने. त्यांनी ते परत मागून घेतलं." त्या म्हणाल्या, "म्हणजे हार मानली तिने." मी विचारलं, "हार? इतकी वर्षं एक दिवसाआड सुया टोचून घेऊन, करपलेल्या जिभेने माझ्या मुलीला शिकवत बसणं ही हार? मुलगा, नातेवाईक, सगळे एका बाजूला असताना आपल्या शरीराचं आपण ठरवणं ही हार? मग जिंकणं तुम्ही मला दाखवा." त्यांनी फोन ठेवला. मी पुन्हा लावणार नाही. कुणीही विचारलं तरी हेच सांगेन, तुमच्या सांगलीत उभी राहूनही सांगेन.

पण काल संध्याकाळी निखिल स्वयंपाकघरात आला. मी कुकर लावत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने कामाचं नसलेलं काही विचारलं.

"तिने मला स्वतः का नाही सांगितलं? तुला सांगितलं. डॉक्टरला सांगितलं. माझ्यावर एवढाही विश्वास नव्हता?"

मी गॅस बंद केला. तुम्हाला दिलेला शब्द मला आठवत होता. हॉकर सेंटरचं ते टेबल, तुमचा पालथा हात, सगळं आठवत होतं. आणि समोर हा होता, ज्याला आयुष्यभर वाटत राहिलं असतं की आईने आपल्याला परकं केलं.

मी सांगितलं, आई. जसंच्या तसं. तो रडला तर मी ठरवलेलं मोडेन, तेवढं बळ माझ्यात नाही, असं म्हणाल्या.

तो ओट्याला धरून उभा राहिला आणि रडला. तुम्हाला ज्याची भीती होती ते झालं. रेवा बाहेरून आली आणि बापाच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. बऱ्याच वेळाने तो मला म्हणाला, "तुला हे एवढे दिवस एकटीला बाळगावं लागलं." मग आम्ही तिघं जेवलो.

शब्द मोडला, हे खरं. त्याची माफी मी मागणार नाही. तुमच्याशी इतके वाद घातले, त्यांतला हा एकच मी जिंकले. तुम्ही समोर नाही म्हणून जिंकले, हेही मला कळतं.